कॅन्सरची गोळी चालू आहे का, एवढं विचारा

यवतमाळ जिल्ह्यातील औषध विक्रेत्या बंधू-भगिनींना,



हे पत्र आरोग्यमंत्र्यांना लिहावं की वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना, असं बरेच दिवस मनात घोळत होतं. शेवटी तुम्हालाच लिहायचं ठरवलं. फुप्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट नागपूरहून गोळ्यांची पिशवी घेऊन एसटीतून उतरला, की पुढची तारीख येईपर्यंत महिना-दोन महिने त्याला कॅन्सरचा कुणी डॉक्टर पाहत नाही. तो दिसतो तुम्हाला. जुलाब लागले, छातीत जळजळ झाली, चेहऱ्यावर पुळ्या आल्या, खोकला वाढला, की तो किंवा त्याचा मुलगा तुमच्याच काउंटरवर उभा राहतो. वणीचा माणूस नागपूर-चंद्रपूरकडे जातो, उमरखेडचा नांदेड गाठतो, कुणी सावंगी-सेवाग्रामला जातो. पण घाटंजीत, झरीत, महागावात रात्री आठ वाजता औषधातलं शिकलेलं माणूस उघड्या दारात कुठे भेटतं, तर मेडिकलमध्ये.

पूर्वी कॅन्सरचं औषध म्हणजे सलाईनमधून दिलेली केमो. त्या दिवशी आधी रक्त तपासलं जायचं, नर्स उशाशी असायची, काही बिनसलं तर तिथल्या तिथे कळायचं. आता फुप्फुसाच्या कॅन्सरच्या अनेक पेशंटना रोज घ्यायच्या गोळ्या मिळतात. गेफिटिनिब, एर्लोटिनिब, अफाटिनिब, ओसिमर्टिनिब, क्रिझोटिनिब, अलेक्टिनिब, लोर्लाटिनिब ही त्यांची नावं. गोळी देवळीत ठेवली जाते, बीपीच्या गोळीशेजारी. केस गळत नाहीत, दवाखान्यात झोपावं लागत नाही, त्यामुळे घरच्यांना ती साधीच वाटते. पण तिच्यावरची सगळी राखण आता घरावर आणि तुमच्यावर आली आहे, आणि याची जाणीव अजून ना घरांना आहे, ना बहुतेक दुकानांना. मला म्हणायचं आहे ते एवढंच.

आधी ही गोळी कुणासाठी आहे ते. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये पेशीतल्या एका जनुकात बदल झालेला असतो, त्यामुळे वाढीचं बटण चालू स्थितीत अडकून बसतं. ईजीएफआर आणि एएलके ही त्यातली दोन महत्त्वाची जनुकं. गोळी ते बटण बंद करते. बटण अडकलेलंच नसेल, तर गोळीचा उपयोग नाही. पूर्व आशियातल्या १,२१७ पेशंटवरचा आयपास नावाचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ईजीएफआरमध्ये बदल असलेल्यांना गेफिटिनिबचा केमोपेक्षा जास्त फायदा झाला. बदल नसलेल्यांत मात्र गोळीने गाठ आटली ती जेमतेम एक टक्का लोकांत, आणि त्यांचा आजार केमो घेणाऱ्यांपेक्षा लवकर वाढला. टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१३ मध्ये ९०७ भारतीय पेशंटची पाहणी मांडली. त्यात सुमारे २३ टक्क्यांत ईजीएफआरचा बदल सापडला. बायकांत आणि कधीच बिडी-सिगारेट न ओढलेल्यांत तो जास्त होता. म्हणजे तुकडा तपासून जनुकाचा रिपोर्ट आल्याशिवाय ही गोळी सुरू होता कामा नये.

हे तुम्हाला सांगायचं कारण वेगळं आहे. गावात एखादा पेशंट जातो, त्याचे दोन-तीन पत्ते शिल्लक राहतात. घरचे ते फेकत नाहीत. पलीकडच्या तांड्यावर कुणाला फुप्फुसाचाच कॅन्सर झाला आहे असं कळलं, की चांगल्या मनाने नेऊन देतात. मग तो दुसरा पेशंट रिकामा पत्ता घेऊन तुमच्याकडे येतो आणि म्हणतो, हीच मागवून द्या. कृपया देऊ नका. चिठ्ठी कुणाच्या नावाची आहे, कोणत्या तारखेची आहे, ते पाहा. त्याच्या तुकड्याची जनुक तपासणी झाली का, एवढं विचारा आणि त्याला परत त्याच्या डॉक्टरकडे पाठवा. त्याचा आजार गोळीने हटणारा नसेल, तर त्या गोळीच्या भरवशावर गेलेला प्रत्येक महिना त्याच्या आयुष्यातून वजा होतो.

आता गॅसच्या गोळीकडे येतो, कारण माझी सगळ्यात मोठी विनंती तिच्याबद्दल आहे.

आपल्याकडे कुठल्याही चिठ्ठीत पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल असतंच. चिठ्ठी नसली तरी "गॅसची द्या" म्हटलं की पत्ता कापून मिळतो. बहुतेकांना त्याने काही बिघडत नाही. पण गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब विरघळण्यासाठी पोटातलं आम्ल लागतं. आम्ल कमी झालं, की गोळी पोटात जाते पण रक्तात पुरेशी उतरत नाही. ओमेप्राझोलसोबत एर्लोटिनिब घेतलं, तर रक्तात पोचणारं औषध ४६ टक्क्यांनी घटतं. आम्ल दिवसभर दाबून ठेवलं, तर गेफिटिनिबचंही जवळपास तेवढंच नुकसान होतं. पेशंट रोज न चुकता गोळी घेतो, बायको घड्याळ लावून आठवण करते, घर कर्ज काढून पैसे भरतं, आणि पाच रुपयांची गॅसची गोळी त्यातलं निम्मं औषध वाया घालवते. त्याला काही जाणवत नाही. तीन महिन्यांनी सीटी स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसते आणि सगळे म्हणतात, औषध लागू पडलं नाही.

सगळ्या गोळ्यांचं असं नाही. ओसिमर्टिनिबला या आम्लाने फरक पडत नाही, अलेक्टिनिबलाही नाही. म्हणूनच "कॅन्सरची गोळी चालू आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका, तिचं नाव विचारा. गेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब असेल, तर पँटोप्राझोल देण्याआधी त्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरला फोन लावायला सांगा. जळजळ खरंच असह्य असेल, तर दोन औषधांत किती तासांचं अंतर ठेवायचं, कोणतं बदलायचं, ते डॉक्टर ठरवतील. सोडा आणि इनोचंही तेच. चिठ्ठीवर पँटोप्राझोल आधीपासून लिहिलेलं असेल, तरी विचारा. ते वेगळ्या डॉक्टरने, वेगळ्या आजारासाठी, कॅन्सर कळण्याआधी लिहिलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

टीबीचा प्रश्न याहून अवघड आहे. फुप्फुसाचा कॅन्सर आणि टीबी दोन्हींत खोकला, ताप, वजन घटणं, थुंकीतून रक्त. आपल्या देशात फुप्फुसाच्या कॅन्सरचे कितीतरी पेशंट आधी काही महिने टीबीचं औषध घेऊन येतात, आणि काहींना दोन्ही आजार खरोखरच एकत्र असतात. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन यकृताला एवढं कामाला लावतं, की कॅन्सरची गोळी शरीरात टिकतच नाही. गेफिटिनिबचं रक्तातलं प्रमाण ते ८३ टक्क्यांनी खाली आणतं, ओसिमर्टिनिबचं ७८ टक्क्यांनी. लोर्लाटिनिबबरोबर तर रिफाम्पिसिन देणं पूर्ण वर्ज्य आहे. निरोगी माणसांवर ही जोडी तपासली तेव्हा त्यांतल्या बहुतेकांच्या यकृताला गंभीर इजा झाली. टीबीची औषधं सरकारी केंद्रातून मिळतात, तुमच्या बिलात ती दिसत नाहीत. म्हणून पत्ता दिसला नाही तरी विचारावं लागेल. आणि टीबीचं औषध मनाने बंद करा, असं चुकूनही सांगू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा, हे सांगा.

फिटच्या गोळ्यांकडेही लक्ष असू द्या. हा कॅन्सर मेंदूत पसरू शकतो. रात्री फिट येते, घरचे जवळच्या दवाखान्यात नेतात, तिथे फेनिटॉइन सुरू होतं, कारण ते स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतं. तेही रिफाम्पिसिनसारखंच कॅन्सरच्या गोळीला निष्प्रभ करतं. फिटसाठी दुसरी औषधं आहेत, ज्यांनी हा त्रास होत नाही. पण ती निवडायची तर कॅन्सरच्या डॉक्टरला आधी कळलं पाहिजे. उलट टोकाला इट्राकोनाझोल. आपल्या उन्हात आणि घामात नायटा, गजकर्ण घरोघरी, आणि इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल तुमच्याकडे भरपूर खपतात. हे औषध गेफिटिनिबचं रक्तातलं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी वाढवतं. म्हणजे एकाच गोळीचा डोस जवळपास दुप्पट होतो आणि पेशंटला वाटतं, गोळीच बाधली. ओसिमर्टिनिब आणि क्रिझोटिनिबने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. त्यांच्यावर अझिथ्रोमायसिन किंवा उलटीची ऑन्डान्सेट्रॉन चढली, तर तो धोका वाढतो. ही दोन्ही औषधं तुमच्या दुकानातून दिवसभरात किती वेळा जातात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

२०१७ चा फवारणीचा हंगाम हा जिल्हा विसरलेला नाही. कपाशीवर वेगवेगळी कीटकनाशकं एकत्र करून मारली गेली, हातमोजे नाहीत, मास्क नाही. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती झाले. तेव्हा देशभर एकच प्रश्न विचारला गेला: यात काय मिसळू नये, हे विकणाऱ्याने सांगितलं होतं का? कृषी केंद्रांना विचारलेला तो प्रश्न मेडिकललाही लागू आहे. फरक असा, की चुकीच्या जोडीने दिलेल्या औषधामुळे कॅन्सरचा पेशंट चार महिने आधी गेला, तर त्याची चौकशी कुणी करत नाही. तो कॅन्सरनेच गेला, असं सगळे धरून चालतात.

माझ्या काकूंचं सांगतो. जन्मभर पऱ्हाट्यांच्या चुलीवर स्वयंपाक, बिडीला कधी हात लावला नाही. बाईमाणसाला फुप्फुसाचा कॅन्सर कसा होईल, याच विचारात बरेच महिने गेले. मग नागपूरला तुकडा काढला, ईजीएफआरचा रिपोर्ट आला आणि गेफिटिनिब सुरू झालं. खोकला उतरला, अन्न गोड लागू लागलं. आणि मग चेहऱ्यावर, छातीवर पुळ्या उठल्या. शेजारणीने सांगितलं, गोळीची गरमी आहे. जवळच्या मेडिकलमधून एक ट्यूब आली, तीन औषधं एकत्र असलेली, त्यातलं एक कडक स्टेरॉइड. पुळ्या आणखी चिघळल्या. काकूंनी कुणाला न सांगता गोळी सोडून दिली. नागपूरच्या पुढच्या तारखेला पत्ते मोजले, तेव्हा कुठे कळलं. त्या दुकानदाराचा मला राग नाही. त्याला कुणी काही शिकवलेलंच नव्हतं.

म्हणून आता तुम्हाला सांगतो. ईजीएफआरच्या गोळ्यांवर पुळ्या येणं हे अपेक्षित आहे, बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांत येतात. त्या मुरुमांसारख्या दिसतात पण मुरुम नसतात. मुरुमांची क्रीम लावली तर कातडी आणखी कोरडी पडते आणि सोलते. साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर, सौम्य साबण, उन्हापासून वाचणं, एवढ्याने पुष्कळ आराम पडतो. कापूस वेचणीला जाणाऱ्या बाईला ऊन टाळा म्हणणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. निदान लांब बाह्या, डोक्यावरून ओढणी आणि दुपारची सावली. पुळ्यांत पू झाला, त्या अंगभर पसरल्या, तर डॉक्टर डॉक्सीसायक्लिनसारखं औषध देतात, कधी काही दिवस गोळी थांबवून परत सुरू करतात. ते त्यांचं काम. नखुरडंही होतं, बोटांच्या कडा लाल होऊन दुखतात. निंदणाच्या दिवसांत तो त्रास फार होतो. यातल्या कशासाठीही पेशंटने मनाने गोळी सोडायची नाही. हे वाक्य डॉक्टरने एकदा सांगून भागत नाही, तुमच्या तोंडून दहा वेळा यायला हवं.

जुलाबांचंही असंच. दिवसातून एक-दोन वेळा पातळ होणं चालून जातं. ओआरएस द्या, लोपेरामाइड कसं घ्यायचं हे डॉक्टरने आधी लिहून दिलेलं असतं, ते विचारा. नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जावं लागत असेल किंवा दुसऱ्या दिवशीही थांबत नसेल, तर फोन झालाच पाहिजे. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांवर असताना आधीच खंगलेल्या माणसाच्या शरीरातलं पाणी गेलं, की मूत्रपिंडाला धक्का बसायला वेळ लागत नाही.

पण एक त्रास असा आहे, जिथे वाट पाहायचीच नाही. नव्याने लागलेली धाप, कोरडा खोकला एकाएकी वाढणं, सोबत ताप. जपानने ५ जुलै २००२ रोजी जगात सर्वांत आधी गेफिटिनिबला मान्यता दिली. ही गोळी सुरक्षित, घरी घेता येते, असा गाजावाजा झाला. काही महिन्यांतच पेशंट फुप्फुसाला सूज येऊन दगावू लागले. ऑक्टोबरमध्ये सरकारने तातडीचा इशारा काढायला लावला, आणि मृतांचा आकडा शंभराच्या पुढे गेला. हा त्रास क्वचितच होतो. गेफिटिनिबवर जगभरात शंभरातल्या साधारण एकाला, ओसिमर्टिनिबवर तीन-चार जणांना. पण झाला तर जीव घेतो. गोळीवर असलेला पेशंट असा दम लागून आला, की त्याला खोकल्याची बाटली आणि अँटिबायोटिक देऊन घरी पाठवू नका. पुढची गोळी डॉक्टरशी बोलल्याशिवाय घेऊ नका आणि आजच्या आज मोठ्या रुग्णालयात जा, असं स्पष्ट सांगा. मनाने गोळी सोडायची नाही, हे मी वर लिहिलं. धाप हा त्यातला अपवाद. डोळा लाल होऊन दुखणं, दिसणं अंधुक होणं, डोळे-लघवी पिवळी होणं, चक्कर येऊन पडणं, हेही त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं.

गोळी कधी घ्यायची, यातही घोळ होतो. एर्लोटिनिब आणि अफाटिनिब उपाशीपोटी: जेवणाआधी किमान एक तास किंवा जेवणानंतर दोन-तीन तासांनी. अलेक्टिनिब मात्र जेवणासोबतच, दिवसातून दोनदा, आणि एका वेळी चार-चार कॅप्सूल. चार पाहून घाबरून एकच घेणारे लोक आहेत. गेफिटिनिब आणि ओसिमर्टिनिब जेवणाआधी-नंतर कधीही, फक्त वेळ रोज तीच. तुम्ही पाकिटावर जेवणाआधी-जेवणानंतरची खूण करता, ती या गोळ्यांसाठी चिठ्ठी वाचून करा, सवयीने नको. विसरलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. गिळता येत नसेल तर कुटायची नाही. गेफिटिनिब आणि ओसिमर्टिनिब साध्या पाण्यात विरघळवून लगेच प्यायला देता येतात, पेला पुन्हा विसळून तेही पाणी द्यायचं. इतर गोळ्यांबाबत आधी विचारायचं. घरात गरोदर सून असेल, तर फुटलेली गोळी तिने हाताळू नये. आणि बिडी: एर्लोटिनिब घेणारा माणूस बिडी-सिगारेट ओढत राहिला, तर त्याच्या रक्तात औषध निम्म्याहूनही कमी राहतं.

गुळवेलीचा काढा आणि जडीबुटी यांबद्दल विचारलं की पेशंट ओशाळतात, म्हणून रागावून विचारू नका. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा पेशंट नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तो वाद तज्ज्ञांचा. ज्या माणसाचं यकृत आधीच कॅन्सरच्या गोळीचा भार सोसत आहे, त्याने वर आणखी प्रयोग करू नये, एवढं सांगायला त्या वादाचा निकाल लागायची गरज नाही. पपनसही टाळायला सांगा. त्याने यातल्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.

पैशाबद्दल थोडं. २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कॅन्सरच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर आणला, तेव्हा एर्लोटिनिबच्या एका ब्रँडची किंमत ९,९९९ रुपयांवरून सुमारे ८९१ रुपयांवर आली. एवढा नफा त्याआधी कुणाच्या खिशातून जात होता, ते सांगायला नको. २०२४ मध्ये ओसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क माफ झालं आणि जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अलेक्टिनिबवरचा जीएसटी शून्य आहे. पेशंटच्या बिलात हे उतरलं आहे का, ते पाहा. तरीही काही गोळ्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरच आहेत, आणि नेमकी तिथेच चोरवाट उघडते. बांगलादेशात बनलेल्या, भारतात विक्रीची परवानगी नसलेल्या गोळ्या निम्म्या-पाव किमतीत, बिलाशिवाय मिळवून देणारे लोक आहेत. दिल्ली पोलिसांनी मार्च २०२४ मध्ये बनावट कॅन्सर औषधांची टोळी पकडली. रिकाम्या बाटल्या भरून विकत होते आणि त्यात रुग्णालयांच्या औषध विभागातली माणसं सामील होती. बिल नाही, बॅच नंबर नाही, तर ती गोळी आपल्या काउंटरवरून जाता कामा नये. पेशंटला त्याऐवजी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची वाट दाखवा. संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, आणि कोणती गोळी पॅकेजमध्ये बसते ते संलग्न रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. हेल्पलाइन १५५३८८. हा नंबर दुकानात लावायला तुमचा एक पैसा खर्च नाही.

साठवण विसरू नका. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात फडताळाचं तापमान काय होतं, ते आपण जाणतो. बहुतेक गोळ्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. चुलीपासून, खिडकीपासून दूर, मूळ पत्त्यातच, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. गोळ्या काढून डबीत भरू नका, म्हणजे नाव आणि मुदत दोन्ही हरवणार नाहीत.

हे सगळं तुम्ही फुकटात का करावं, असं कुणी विचारेल. २०१५ चे फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम मानतात, आणि १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे औषध देताना नोंदणीकृत फार्मासिस्ट असायला हवा. कितीतरी दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि काउंटरवर बारावी झालेला मुलगा असतो, हे तुम्हीही जाणता. पण मी कायद्याचा धाक दाखवायला लिहीत नाही. औषधाच्या चिठ्ठीतली चूक रात्री फोन करून डॉक्टरच्या लक्षात आणून देणारे दुकानदार मी या जिल्ह्यात पाहिले आहेत. त्यांच्या भरवशावर लिहितो आहे.

तुमच्या जिल्हा संघटनेने वसंतराव नाईक महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागाला आणि नागपूरच्या एखाद्या कॅन्सरतज्ज्ञाला बोलावून एक दिवस या गोळ्यांसाठी द्यावा. एक पानाची मराठी माहिती छापावी, आणि दिग्रस-पुसदच्या तांड्यांवर, पांढरकवडा-झरीच्या कोलाम पोडांवर आशाताईंनी ती गोरमाटीत, कोलामीत सांगावी. अक्षर न येणाऱ्याला पान देऊन उपयोग नाही. दुकानात एक वही असावी: कुणाला कोणती गोळी, केव्हापासून, कुठल्या रुग्णालयाची, तिथला फोन. औषधाचा दुष्परिणाम दिसला, तर १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवावा. ही देशाची औषध-दुष्परिणाम नोंदणी आहे, आणि खेड्यातल्या नोंदी तिथे पोचल्याच नाहीत तर आपल्या पेशंटना काय होतं ते कुणाला कधी कळणार नाही. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं जाहीर केली आहेत. तिथे सलाईनच्या खाटांबरोबर गोळ्यांवरच्या पेशंटसाठी एक फार्मासिस्ट आणि दिवसभर उचलला जाणारा एक फोन हवा, ही मागणी तुम्ही केलीत तर तिला वजन येईल.

बैठक, वही, मागणी या सगळ्याला वेळ लागेल. तोवर एक काम आजच करा. पँटोप्राझोल, इट्राकोनाझोल, अझिथ्रोमायसिन आणि फिटच्या गोळ्या ज्या कप्प्यांत आहेत, तिथे एक चिठ्ठी चिकटवा: कॅन्सरची गोळी चालू आहे का? कोणती? आणि तो पत्ता काढणारा हात तुमचा असो की काउंटरवरच्या मुलाचा, गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारल्याशिवाय औषध देऊ नका.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एका पेशंटचा पुतण्या